१:३५० ‘कुरसुरा’: पाणबुडीच्या मॉडेलवर गंज नेमका कुठे आणि किती दाखवावा?

दांडियाबाजारकर (धागाकर्ता)

नमस्कार. मागच्या हिवाळ्यात विशाखापट्टणमला जाणे झाले. तेथील रामकृष्ण समुद्रकिनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली ‘कुरसुरा’ पाणबुडी आतून-बाहेरून पाहिली आणि वडोदऱ्याला परतताना गाडीतच ठरवले की आता हिचे मॉडेल करायचे. आजवर मी विमाने केली, दोन रणगाडे केले, पण पाणबुडी हा प्रकार माझ्यासाठी अगदी नवा आहे.

ज्यांना माहिती हवी असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘कुरसुरा’ ही सोव्हिएत संघात बांधलेली, प्रकल्प ६४१ म्हणजे ‘फॉक्सट्रॉट’ वर्गातील डिझेल-विद्युत पाणबुडी आहे. ती १८ डिसेंबर १९६९ रोजी आपल्या नौदलात दाखल झाली, १९७१ च्या युद्धात तिने अरबी समुद्रात गस्त घातली आणि २७ फेब्रुवारी २००१ रोजी ती निवृत्त झाली. मूळ लांबी सुमारे ९१ मीटर आणि रुंदी साडेसात मीटर असल्यामुळे १:३५० प्रमाणात ती सव्वीस सेंटिमीटर लांब आणि जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद होते. शाळेच्या कंपासपेटीबाहेर राहणाऱ्या मोठ्या पट्टीपेक्षाही आखूड. ढकलणारे तीन पंखे (प्रोपेलर), पुढे सहा आणि मागे चार टॉर्पेडो नळ्या, वर उंच मनोरा आणि बाह्य कवचाच्या दोन्ही अंगांना पाणी आत-बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या खाचांच्या लांबच लांब ओळी, असे तिचे रूप आहे.

संच हाती आला आहे. सांगाडा डावा आणि उजवा अशा दोन भागांत आहे, जोड बरोबर डेकच्या मध्यातून जातो आणि तेथे अर्धा मिलिमीटर फट राहते. खाचा मात्र आरपार नाहीत, नुसते खळगे दाखवले आहेत. ते कोरावेत की काळ्या रंगाने भागवावे? आणि खरा प्रश्न रंगकामानंतरचा आहे. आंतरजालावर दिसणारी बहुतेक मॉडेल्स अशी गंजलेली असतात की ती पाण्यात सोडण्याचे धाडस कोणी करणार नाही. मला जुनेपणा दाखवायचा आहे, पण भंगार दाखवायचे नाही.

तांबेरा

आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण माझा चरितार्थ तीस वर्षे लोखंडावरील रंगकामावरच चालला आहे आणि गंजाशी माझे भांडण जुने आहे. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

मॉडेल करणारे बहुतेक जण गंज सर्वत्र शिंपडतात. प्रत्यक्षात रंगवलेल्या पोलादावर गंज वाटेल तेथे येत नाही. जेथे रंग टिकत नाही तेथे तो येतो. कडेवर रंगाचा थर पातळ बसतो, म्हणून खाचांच्या कडा आधी गंजतात. वेल्डिंगच्या शिवणीवर पृष्ठभाग खडबडीत असतो, म्हणून तेथे सुरुवात होते. दोरखंड ज्या खुंट्यांना घासतात, माणसांचे बूट ज्या झाकणांच्या भोवती फिरतात आणि धक्क्याला लागताना कवचाचा जो फुगीर भाग घासला जातो, तेथे रंग खरवडला जातो. या चार-पाच जागा सोडून मधल्या सपाट पत्र्यावर नारिंगी ठिपके आले, तर ती पाणबुडी नव्हे, देवी आलेले बाळ दिसते.

आता पाण्याचा मार्ग पाहा. बाह्य कवच आणि आतले दाब सोसणारे कवच यांच्यामधला पुष्कळसा भाग मोकळा असतो. पाणबुडी बुडते तेव्हा तो खाचांमधून भरतो आणि वर आल्यावर तेथूनच रिकामा होतो. ही निथळ रोज त्याच खाचेतून, त्याच रेषेने होते. म्हणून ओघळ खाचेच्या खालच्या कडेपासून सुरू झाला पाहिजे आणि गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने जाता जाता विरला पाहिजे. पत्र्याच्या मधोमध अधांतरी सुरू होणारा ओघळ पाहिला की माझा तरी त्या मॉडेलवरचा विश्वास उडतो.

पंख्यांना कृपया गंज लावू नका. ते तांब्याच्या मिश्रधातूचे असतात, त्यामुळे त्यांना लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. फार तर तपकिरी मळ, थोडी हिरवट छटा आणि पात्यांच्या कडांना किंचित चमक दाखवावी.

खाचा कोराव्यात की नाही, याबाबत माझे मत स्पष्ट आहे: कोराव्यात. काळ्या रंगाचा ठिपका समोरून खाच वाटतो, पण मॉडेल हातात घेऊन फिरवले की लगेच उघडा पडतो.

स्वल्पविराम

मी या छंदात अगदी नवखी आहे. माझ्याकडे एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेन, नाही. केवळ कुंचल्याने एवढ्या लहान पाणबुडीवर ओघळ दाखवता येतात का?

तांबेरा

ताई, ओघळ कुंचल्यानेच काढतात, एअरब्रशने नव्हे. मूळ रंगाचा सपाट थर देताना एअरब्रश सोयीचा पडतो इतकेच. कुंचल्यानेच थर द्यायचा असेल तर रंग दुधासारखा पातळ करून तीन-चार हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा.

ओघळांसाठी चित्रकारांचे तैलरंग घ्या. ‘बर्न्ट अंबर’ (गडद तपकिरी), ‘रॉ सिएना’ (पिवळसर तपकिरी), पांढरा आणि काळा एवढे चार पुरतात. आपल्या शहरात फाइन आर्ट्सच्या विद्यार्थ्यांच्या पुण्याईने हे रंग सुटे मिळतात. नळीतून वाटाण्याएवढा रंग खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढून अर्धा तास तसाच ठेवा, म्हणजे त्यातले जवसाचे तेल पुठ्ठा शोषून घेईल. तेल गेल्यावर रंग लवकर वाळतो आणि चकाकत नाही. मग खाचेच्या खालच्या कडेला सुईच्या टोकाएवढा ठिपका ठेवा, सपाट कुंचला व्हाइट स्पिरिटमध्ये, म्हणजे तैलरंग पातळ करण्याच्या द्रावकात, बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा करा आणि वरून खाली एकदाच ओढा. चुकले तर त्याच कुंचल्याने पुसून पुन्हा करता येते, कारण तैलरंगाला घाई नसते. खालचा ॲक्रिलिक थर मात्र पूर्ण वाळलेला हवा आणि त्यावर चकचकीत वार्निशचा एक हात असलेला बरा.

विश्वामित्रीकाठी

या धाग्यावर पाणबुडी करणारे आपण सारे वडोदऱ्याचे असू, तर पाणबुडीचा एक जिवंत नमुना आपल्याच नदीत आहे. विश्वामित्रीतली मगर पाण्याबाहेर येऊन काठावर पडते तेव्हा पहिल्या काही मिनिटांत ती जवळजवळ काळी दिसते. ऊन लागले की पाठीपासून वाळायला सुरुवात होते, वरचा भाग राखाडी आणि मातकट होतो, पोटाजवळचा पट्टा मात्र ओला आणि गडद राहतो, आणि दोहोंमधली सीमारेषा सरळ नसते, खवल्यांच्या उंचसखलपणाप्रमाणे वरखाली जाते. मी सुट्टीच्या दिवशी पुलावरून हे बराच वेळ पाहत असतो.

पाणबुडीच्या काळ्या रंगाचेही असेच होते, असे मला वाटते. वरचे डेक ऊन आणि वाळलेले मीठ यांनी फिकटते आणि जलरेषेजवळ ती गडद राहते. संपूर्ण मॉडेल एकाच काळ्यात रंगवले तर ते खेळणे दिसते. आधी मगर रंगवा, गंज नंतर.

दांडियाबाजारकर (धागाकर्ता)

मगरीचा दाखला फारच उपयोगी पडला. मी खरोखर एका रविवारी पुलावर जाऊन आलो.

कामाची प्रगती सांगतो. जोडाच्या फटीत आधी प्लास्टिकची पातळ पट्टी बसवली, त्यावर पुट्टी भरली आणि ४००, ८०० आणि १२०० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने पाण्यासह घासले. फट भरल्याची खात्री डोळ्यांनी होत नाही. राखाडी प्राइमरचा पातळ थर दिला की लपलेली रेघ चहाडी करते. दोनदा चहाडी झाली, तिसऱ्यांदा डेक गुळगुळीत आले. घासताना डेकवरील काही बारीक रेषाही गेल्या, त्या सुईने पुन्हा आखाव्या लागल्या.

खाचा अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने हातानेच कोरल्या. एका खाचेसाठी दोन भोके आणि मधला भाग कटरने मोकळा, या हिशेबाने एका बाजूला तीन संध्याकाळी गेल्या. दुसरी बाजू करताना हात सरावला होता, त्यामुळे आता डावी बाजू उजवीपेक्षा चांगली आहे आणि मॉडेल कपाटात कोणत्या तोंडाने ठेवायचे हा प्रश्न आपोआप सुटला आहे.

रंगाबाबत: शुद्ध काळा टाळून टामिया कंपनीचा रबर ब्लॅक, म्हणजे एक्सएफ-८५, मूळ रंग म्हणून घेतला. त्यात थोडा राखाडी मिसळून डेकसाठी फिकट छटा केली. मेच्या उन्हात ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या टोकावरच वाळत होता, म्हणून त्यात रिटार्डरचे, म्हणजे वाळणे लांबवणाऱ्या द्रव्याचे, थेंब घातले आणि काम सकाळी सहा ते आठमध्ये उरकले. पेरिस्कोप आणि अँटेना संचात जाड आल्या होत्या. त्यांच्याऐवजी संचाच्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर मऊ करून ओढला, त्याची तार झाली. पहिल्या पाच तारा वाकड्या आल्या, सहावी वापरली.

मोजमाप

आतापर्यंतच्या चर्चेत प्रमाणाचा विचार थोडा मागे पडला आहे, म्हणून हे लिहितो. आपण सर्वांनी लहानपणी दिवाळीत किल्ले केले आहेत आणि त्या किल्ल्यांत सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा उंच असत. त्या वयात ते शोभत होते. मॉडेलवरच्या ओघळांच्या बाबतीत मात्र आपण अजून तीच चूक करतो.

१:३५० मध्ये एक मिलिमीटर म्हणजे पस्तीस सेंटिमीटर. कुंचल्याने एक मिलिमीटर रुंदीचा ओघळ ओढला तर खऱ्या पाणबुडीवर तो हातभर नसला तरी मोठ्या परातीएवढा रुंद होतो. पाच सेंटिमीटर रुंदीचा खरा ओघळ मॉडेलवर ०.१४ मिलिमीटर भरतो, म्हणजे केसाहून किंचित जाड. त्याचप्रमाणे मॉडेल आपण एक फुटावरून पाहतो, तेव्हा ती पाणबुडी शंभर मीटरवरून पाहिल्यासारखी असते. इतक्या अंतरावरून कोणत्याही वस्तूचा काळा रंग हवेमुळे किंचित फिकटच दिसतो आणि सुटे सुटे ओघळ न दिसता त्यांचा एकत्रित मळकटपणा दिसतो. म्हणून दहा ठळक ओघळांपेक्षा जेमतेम दिसणारे चाळीस ओघळ अधिक खरे वाटतात.

रसायनकर्ता

तळाच्या रंगाविषयी एक गोष्ट जोडतो. जहाजांच्या तळाचा पारंपरिक लाल रंग हौसेचा नाही. शंख-शिंपले आणि शेवाळ चिकटू नये म्हणून तळाच्या रंगात क्युप्रस ऑक्साइड घालत आले आहेत आणि ते मुळातच लाल असते. शेवाळाला प्रकाश लागतो, त्यामुळे त्याचा हिरवा पट्टा जलरेषेच्या आसपास दाट आणि खाली विरळ होत जातो. तळापर्यंत हिरवे करणे चूक ठरेल. हिरव्यातही पोपटी नको. ‘रॉ सिएना’त काळ्याचा कण मिसळला की जो मळकट शेवाळी रंग येतो तो पुरेसा आहे.

खांदेरीकर

मी थोडा वेगळा सूर लावतो. आपण सर्वजण गंज कसा दाखवावा हे सांगत आहात, पण पाणबुडी कोणत्या दिवसाची आहे हे धागाकर्त्यांनी अजून ठरवलेलेच नाही. किनाऱ्यावर उभी असलेली ‘कुरसुरा’ करायची असेल तर ती खाऱ्या वाऱ्यात उभी असलेली, पुन्हा पुन्हा रंगवली जाणारी वास्तू आहे. तिच्यावर ताजा रंग, त्याखालच्या जुन्या थरांचे उंचवटे आणि पायऱ्यांजवळची झीज दिसेल. समुद्रातली निथळ आणि जलरेषेवरचे शेवाळ तिच्यावर दिसणार नाही. छायाचित्रे संग्रहालयाची आणि मळ समुद्रातला, अशी सरमिसळ झाली तर मॉडेल कोणत्याच पाणबुडीचे होणार नाही.

दुसरीकडे १९७१ ची ‘कुरसुरा’ करायची असेल तर हिशेब करा. डिसेंबर १९६९ मध्ये दाखल झालेली पाणबुडी युद्धाच्या वेळी दोनच वर्षांची होती. दोन वर्षांच्या पाणबुडीवर खोल गेलेला, पापुद्रे सुटलेला गंज कुठून येणार? मीठ, निथळ, डिझेलच्या धुराची काजळी, थोडे शेवाळ, घासलेल्या जागी प्राइमर उघडा पडलेला, एवढेच. तिच्या तीन भगिनी ‘कलवरी’, ‘खांदेरी’ आणि ‘करंज’ याही तेव्हा तरुणच होत्या. सर्वांत थोरली ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी दाखल झाली होती. खांदेरी हे नाव अलिबागजवळच्या जलदुर्गाचे असल्यामुळे माझा ओढा त्या बहिणीकडे आहे, हे टोपणनावावरून कळलेच असेल. पण नियम चौघींना एकच आहे.

तांबेरा

खांदेरीकरांशी मी पूर्ण सहमत आहे आणि माझ्याच पहिल्या प्रतिसादात ही गोष्ट सुटली याची खंत वाटते. गंजालाही वय असते. ताजा गंज नारिंगी आणि पातळ, जुना गंज गडद तपकिरी आणि थरांचा. दोन वर्षांच्या पाणबुडीवर नारिंगीच्या दोन-चार बारीक खुणा चालतील, गडद तपकिरी कवच चालणार नाही. ‘बर्न्ट अंबर’ची नळी आता कपाटात ठेवा.

दांडियाबाजारकर (धागाकर्ता)

ठरले: नोव्हेंबर १९७१, गस्तीवर, पृष्ठभागावर आलेली. त्याबरोबर माझे निम्मे बेत रद्द झाले आणि खरे सांगायचे तर हायसे वाटले.

मात्र मध्येच एक अपघात झाला. चकचकीत वार्निशपर्यंत सारे सुरळीत होते. जुलैमध्ये तीन दिवस पाऊस लागून राहिला होता, तरी मी उतावीळपणे डब्यातल्या फवाऱ्याने मॅट वार्निश मारले. पाच मिनिटांत पाणबुडीवर दुधाची साय चढली. डेक पांढुरके, मनोरा पांढुरका आणि कोरलेल्या खाचांत पांढरी पूड. पत्नीने ते पाहून ‘मीठ छान दाखवले आहे’ असे म्हटले, त्यामुळे दुःखात भर पडली. हे सुधारते का?

रसायनकर्ता

सुधारते, घाबरू नका. फवाऱ्यातले द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर साचते आणि थरात अडकते. ती साय म्हणजे हेच. कोरड्या दिवशी, किंवा वातानुकूलित खोलीत तास-दोन तास मॉडेल ठेवून, त्याच प्रकारच्या चकचकीत वार्निशचा एक पातळ, किंचित ओलसर हात द्या. वरचा थर मऊ होऊन ओल निघून जाते आणि पुष्कळदा पांढरेपणा जातो. खाचांतली पूड मात्र वेगळी आहे: ते हवेतच वाळून पडलेले वार्निश आहे, ते कोरड्या ताठ कुंचल्याने झाडावे. पुढच्या वेळी फवारण्याआधी डबा कोमट पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्यात कधीही नको, डबा फुटू शकतो.

स्वल्पविराम

मीसुद्धा एक लहान पाणबुडी सुरू केली आहे. रंगाच्या दुकानातले साधे टर्पेंटाइन वापरले तर जोडाजवळ बारीक तडे गेले. हे टर्पेंटाइनमुळेच झाले का?

तांबेरा

बहुधा होय. जोडाजवळ किंवा ताण देऊन बसवलेल्या भागात प्लास्टिक आधीच ताणलेले असते आणि तेथे तीव्र द्रावक साचले की तडा जातो. चित्रकारांसाठीचे गंधरहित व्हाइट स्पिरिट घ्या आणि ते कोपऱ्यात साचू देऊ नका. गेलेल्या तड्यात पातळ डिंक, म्हणजे प्लास्टिक जोडण्याचे पातळ सिमेंट, कुंचल्याच्या टोकाने सोडा. ते आपोआप आत खेचले जाते. दुसऱ्या दिवशी घासा.

दांडियाबाजारकर (धागाकर्ता)

काम पूर्ण झाले. रसायनकर्त्यांचा उपाय लागू पडला. डेक पूर्ववत झाले, मनोऱ्याच्या मागच्या बाजूला पुसट पांढरी छटा उरली आहे आणि तेथे डिझेलचा धूर सुटत असल्यामुळे मी ती काळ्या पूडरंगाच्या काजळीखाली झाकली आहे.

शेवटी काय केले ते नोंदवतो. डेक फिकट राखाडी-काळे, बाजू गडद, दोहोंमधली सीमा मगरीसारखी वेडीवाकडी. प्रत्येक खाचेखाली पांढऱ्या आणि ‘रॉ सिएना’च्या मिश्रणाचा एक ओघळ ओढला आणि त्यातला बहुतांश लगेच पुसून टाकला; उरला तेवढाच ठेवला. जलरेषेला शेवाळाचा अरुंद पट्टा दिला. नारिंगी गंज फक्त पाच जागी आहे: दोन दोरखंडाच्या खुंट्या, पुढचे झाकण, नांगराची जागा आणि डाव्या बाजूचा घासलेला फुगीर भाग. झाकणांच्या कडा आणि मनोऱ्यावर चढण्याच्या पायऱ्या यांवर मऊ पेन्सिलीचे शिसे बोटाने फिरवले, त्यामुळे तेथे वापराने आलेली धातूची चमक दिसते. पंखे कांस्य रंगात आहेत आणि त्यांवर गंजाचा कणही नाही.

मोजमाप यांच्यासाठी मुद्दाम सांगतो की सर्वांत रुंद ओघळ भिंगाखाली मोजला, तो पाव मिलिमीटरच्या आत आहे. छायाचित्रांत ओघळ दिसतच नाहीत, पाणबुडी नुसतीच वापरातली वाटते.

सागवानी पाट्यावर पितळेच्या दोन सळ्या रोवून ती ठेवली आहे. काचेची पेटी अजून करायची आहे, कारण काल धूळ झटकताना सहाव्या प्रयत्नात जमलेला तो पेरिस्कोप तुटला आणि आता पुन्हा मेणबत्ती काढली आहे.

खांदेरीकर

डावी बाजू समोर ठेवली आहे ना?

दांडियाबाजारकर (धागाकर्ता)

अर्थातच. उजवी बाजू भिंतीकडे आहे.